डॉ. धनंजयराव गाडगीळ : लोणीचा हिशेब दिल्लीस नेणारे सभासद

अहमदनगर जिल्ह्यास आता अहिल्यानगर म्हणतात. ह्या जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरा नदीच्या कालव्याखाली लोणी नावाचे गाव आहे. आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ वाचकांनी तो मुलूख पाहिला असेल. मार्गशीर्ष-पौषात तिकडे गेल्यास उसाने भरलेल्या गाड्या व कारखान्याचे धुराडे दृष्टीस पडते. हा कारखाना शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने उभारला हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षस्थानी प्रथमची सुमारे १० वर्षे जे गृहस्थ बसले ते लोणीचे नव्हते, नगर जिल्ह्याचेही नव्हते, आणि उसाची लागवड हा त्यांचा व्यवसायही नव्हता. ते पुण्यातील एका संशोधन संस्थेचे संचालक होते. पुढे ते राज्यसभेचे सभासद झाले आणि त्यानंतर देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. लोकांच्या वतीने सभागृहात बोलणाऱ्या मनुष्याने बोलण्यापूर्वी काय करावे, हे ह्यांच्या चरित्रावरून चांगले समजते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगत आहो.

धनंजय रामचंद्र गाडगीळ ह्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते विलायतेस केंब्रिज विद्यापीठात गेले व तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. हिंदुस्थानात यंत्रांचे कारखाने कसे आले, गावोगावच्या कारागिरांचे धंदे कसे बसले आणि शेतकऱ्याच्या स्थितीत काय पालट झाला, ह्या विषयावर त्यांनी इंग्रजीत एक प्रबंध लिहिला. तो १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी ग्रंथकर्त्याचे वय अवघे २३ वर्षांचे होते. तथापि तो ग्रंथ पुढे अनेक वर्षे देशभरच्या महाविद्यालयांत वाचला गेला. परत आल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले, व नंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीची वाट त्यांस मोकळी होती, परंतु त्यांचे मन तिकडे रमले नाही.

१९३० साली रावबहादूर रा. रा. काळे ह्यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. हे काम त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे केले. संस्थेस ज्यांचे नाव दिले त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांची कीर्ती वाचकांस ठाऊक आहेच. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलत, तेव्हा सरकारचेच आकडे घेऊन प्रजेचे दुःख दाखवीत. मिठावरील कर किती, शाळांवरील खर्च किती, हे ते मोजून सांगत. १९१५ साली गोखले वारले, परंतु बोलण्यापूर्वी मोजावे ही त्यांची रीत संस्थेत टिकली. धनंजयरावांनी तिला आणखी एक जोड दिली. सरकारी दप्तरात जे आकडे नाहीत ते गावात जाऊन गोळा करावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या हाताखालची माणसे पुणे शहरात घरोघर फिरली. वाई तालुक्यात शेतावर जाऊन बियाणे, मजुरी, बैलांची वैरण आणि पीक ह्यांचा जमाखर्च त्यांनी लिहून आणला. त्या काळी विद्वान लोक ग्रंथांतून ग्रंथ लिहीत असत. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून माहिती विचारणारी विद्वत्ता लोकांस नवीनच होती.

ह्याच रीतीने धनंजयरावांचा नगर जिल्ह्याशी संबंध आला. हा जिल्हा अवर्षणाचा. जुन्या दुष्काळांच्या आठवणी येथे घराघरात आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यापासून गोदावरीचे कालवे काढले. पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण बांधले, ते १९२६ साली पुरे झाले. ह्या पाण्याने कोपरगाव, राहुरी व श्रीरामपूर ह्या भागांतील माळराने हिरवी झाली. परंतु पाटबंधारे खात्याच्या वहीत हे कालवे तोट्याचे दिसत. पाणीपट्टीतून जी रक्कम जमा होई तिच्यातून कर्जाऊ भांडवलाचे व्याज भागत नसे. तेव्हा नवीन कालवे कशास काढावे, असा प्रश्न निघे.

धनंजयरावांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रश्नाची तपासणी हाती घेतली. कालव्याखालची शेती आणि कोरडवाहू शेती ह्यांची त्यांनी तुलना केली. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीत मोजावयाचा नाही, असे त्यांनी दाखवून दिले. पिकाची वाढ, मजुरांस मिळणारे काम, बाजारपेठेतील उलाढाल आणि मालाची वाहतूक हे सर्व त्या पाण्याचेच फळ होय. ह्या तपासणीचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळी मुलखात पाणी नेणे हा धर्मादाय नसून शहाणपणाचा खर्च आहे, हे त्याने हिशेबाने सिद्ध केले. जे सरकार आपली वही दाखवून गप्प बसवी, त्याच्यापुढे आता शेतकऱ्याचीही वही आली.

परंतु ह्या तपासणीच्या कामात दुसरीही एक गोष्ट नजरेस येण्याजोगी होती. शेतकऱ्याजवळ पाणी होते, ऊसही होता, पण भाव त्याच्या हाती नव्हता. गुऱ्हाळातला गूळ अडत्याच्या दुकानी जाई, तेथे भाव पडला की सावकाराचे कर्ज डोक्यावर चढे. १९३० नंतरच्या मंदीने पुष्कळ बागायतदार खचले. १९३२ साली सरकारने देशी साखरेस परदेशी साखरेपासून संरक्षण दिले, तेव्हा खाजगी कंपन्यांनी कारखाने काढण्याचा सपाटा लावला. ह्या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीचा मालक आपल्याच रानात रोजंदारीस जाऊ लागला. संरक्षणाचा बोजा सर्व गिऱ्हाइकांवर पडला, परंतु त्याचा नफा थोड्यांच्या पदरी गेला. देशाचे धोरण चांगले असले तरी गावात त्याचा लाभ कोणास मिळेल हे गावातील व्यवस्थेवर अवलंबून असते, हा धडा येथे स्पष्ट होता.

१९४५ साली बेलापूर येथे कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. तीत धनंजयरावांनी शेतकऱ्यांनी स्वतःच सहकारी साखर कारखाना काढावा असा विचार मांडला. श्रोत्यांपैकी पुष्कळांस ते स्वप्न वाटले असेल. परंतु लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनी ते मनावर घेतले. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण फार थोडे होते, तथापि १९२३ सालीच त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली होती, व आसपासच्या गावांत त्यांच्या शब्दास मान होता. ते गावोगाव हिंडले. दारोदार जाऊन भागाचे पैसे मागणे हे काम सोपे नव्हते. ज्याने आजवर सावकाराचे व कंपनीचे कागद पाहिले, तो शेतकरी नवीन कागदावर अंगठा उठविण्यास कचरत असे. कारखाना उभा न राहिला तर पैसे बुडणार, ही भीती खरी होती. आणि ते पैसे श्रीमंतांच्या शिलकेतले नव्हते, बैलजोडीसाठी वा मुलीच्या लग्नासाठी राखलेले होते.

विठ्ठलरावांनी माणसे जमविली आणि धनंजयरावांनी योजना आखली. मुंबई प्रांताचे त्या वेळचे मंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकाराचे जुने कैवारी असल्याने त्यांचे साहाय्य मिळाले. सभासदांचे भागभांडवल, सरकारचा हिस्सा आणि नव्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज असा मेळ बसविण्यात आला. १९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंद झाली, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे पहिले गळीत झाले. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या मालकीचा हा पहिला साखर कारखाना होय.

अध्यक्षपदी धनंजयरावांस बसविण्यात शेतकऱ्यांचे मोठे शहाणपण होते. त्यांचा स्वतःचा ऊस नव्हता, म्हणून अमक्याचा ऊस आधी तोडला आणि तमक्याचा वाळविला असा संशय त्यांच्यावर घेता येत नसे. कोणत्याही कारखान्यात भांडणाचे मूळ हेच असते. ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटते, आणि प्रत्येकास आपला फड प्रथम तुटावा असे वाटते. म्हणून तोडणी लागवडीच्या तारखांप्रमाणे क्रमाने व्हावी, वजन व भाव सर्वांस एकच असावा, लहान मोठा सभासद असला तरी मत एकच असावे, अशा नियमांवर सहकारी कारखान्याचा जीव असतो. उसाच्या किमतीतून काही रक्कम ठेव म्हणून कापून घेण्याची चालही सहकारी कारखान्यांत रूढ झाली. तिने कर्ज फिटते व कारखाना वाढविता येतो. त्या वेळी ती कपात सभासदास टोचते, पण परक्याच्या भांडवलावर अवलंबून राहण्यापेक्षा ती बरी असे अनुभवाने पटते.

१९६० च्या सुमारास धनंजयरावांनी अध्यक्षपद सोडले व कारभार तेथल्याच शेतकऱ्यांच्या हाती राहिला. १९६१ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू प्रवरानगरास येऊन गेले. त्याच साली विठ्ठलराव विखे पाटील ह्यांस पद्मश्री मिळाली. तोपर्यंत कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर ह्या भागांत आणखी सहकारी कारखाने उभे राहिले होते. पुढे गावोगाव शाळा, महाविद्यालये व दवाखाने निघाले, त्यांच्या मागेही ह्या कारखान्यांचा पैसा व वजन होते.

ह्या काळात देशाच्या कामासाठीही धनंजयरावांस वारंवार बोलावणे येत असे. शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी विचार करण्यास १९४४ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५१ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करविली, तिच्या मार्गदर्शक समितीतही ते होते. ७५ जिल्ह्यांतील खेडी पाहून जे निष्पन्न झाले ते डोळे उघडणारे होते. शेतकरी जे कर्ज काढी त्यांपैकी शेकडा ७० च्या सुमारास सावकारांचे होते, आणि सहकारी संस्थांचे केवळ शेकडा ३ च्या सुमारास. इतकी वर्षे सहकाराची व्याख्याने झाली असता गावात सहकार नावापुरताच होता, असा त्याचा अर्थ. तेव्हा सरकारने संस्थांत भांडवलाचा भागीदार व्हावे, आणि कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालावी, अशा सूचना समितीने केल्या. लोणीस जे प्रत्यक्ष घडले होते त्याचेच रूप ह्या सूचनांत दिसते.

एप्रिल १९६६ मध्ये राष्ट्रपतींनी धनंजयरावांस राज्यसभेचे सभासद नियुक्त केले. तो काळ देशास फार कठीण गेला. १९६५ व १९६६ ह्या लागोपाठच्या दोन वर्षी पाऊस फसला होता. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर शहरांचे रेशन चालत होते. जून १९६६ मध्ये रुपयाची किंमत उतरविण्यात आली. तिसरी पंचवार्षिक योजना संपली होती, आणि चौथी सुरू करण्याइतके बळ सरकारच्या अंगी उरले नव्हते. अशा वेळी सभागृहात विद्वान मनुष्य दोन प्रकारे निरुपयोगी ठरतो. एक तर तो सरकारची भाटगिरी करतो, नाही तर केवळ दोष काढून स्वस्थ बसतो. धनंजयरावांनी ह्यांपैकी एकही मार्ग धरला नाही. सरकार मोठाल्या रकमा खर्चाची योजना करते, पण भाव, धान्यवाटप व उत्पन्नाची विभागणी ह्यांविषयी त्याचे एक ठाम धोरण नाही, अशी त्यांची तक्रार होती. धोरणावाचून केलेली योजना म्हणजे वाफे न बांधता सोडलेले पाणी. ते कोणाच्या शेतात जाईल ह्याचा नेम नसतो, आणि बहुधा ते चढ्या आवाजाच्या मनुष्याकडे जाते. परवाने व सवलती अधिकाऱ्याच्या मर्जीवर असू नयेत, सर्वांस आधी ठाऊक असलेल्या नियमाने द्याव्या, असे त्यांचे मत होते. योजना दिल्लीहून खाली येण्याऐवजी जिल्ह्यापासून आखली जावी, हा विषयही त्यांनी ह्याच काळात एका व्याख्यानात सविस्तर मांडला.

सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, व त्यासाठी त्यांनी राज्यसभेतील जागा सोडली. आता टीकाकारासच कारभार करून दाखवावयाचा होता. तोपर्यंत राज्यांस योजनेसाठी केंद्राकडून मिळणारी मदत एकेका कामाच्या वाटाघाटीने ठरत असे. ज्या राज्याचे मंत्री वजनदार त्यास अधिक, असा समज सर्वत्र होता. धनंजयरावांनी ह्यास एक नियम लावला, तो गाडगीळ सूत्र ह्या नावाने ओळखला जातो. ज्यांची अडचण विशेष होती अशा आसाम, नागालँड, जम्मू व काश्मीर ह्या राज्यांचा भाग प्रथम बाजूस काढावयाचा. उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ६० रुपये लोकसंख्येच्या मानाने वाटावयाचे. १० रुपये ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी त्यांस, १० रुपये कर वसूल करण्याच्या प्रयत्नाप्रमाणे, १० रुपये चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज कामांसाठी, आणि १० रुपये राज्यांच्या खास अडचणींसाठी. चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून, हे सूत्र लागू झाले.

ह्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून अधिक असल्यामुळे गरीब राज्यांसाठी ठेवलेल्या त्या १० रुपयांत महाराष्ट्रास वाटा नव्हता. नियम करणारा मनुष्य महाराष्ट्राचा, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस ज्याने आपली विद्वत्ता दिली असा. तथापि त्याने स्वतःच्या राज्याच्या लाभाकडे तराजू झुकविला नाही. लोणीच्या तोडणीच्या क्रमाचाच हा न्याय होय. आपला फड प्रथम तोडून घेणारा अध्यक्ष दुसऱ्यांस रांगेत उभे राहा असे सांगू शकत नाही.

१९६९ साली १४ बँका सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. त्याच साली धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने सुचविले की बँकांनी शहरांतच दाटी न करता क्षेत्र वाटून घ्यावे व त्या त्या मुलखाची पतपुरवठ्याची गरज तपासावी. त्यातून प्रत्येक जिल्ह्यास एक अग्रणी बँक नेमण्याची योजना निघाली. ती आजही चालू आहे. गावात बँकेची शाखा दिसते तिच्या मागे ह्या विचाराचाही हात आहे.

असे हे मोठे काम. परंतु चरित्र लिहिताना जे अपुरे राहिले तेही सांगितले पाहिजे, नाही तर ते चरित्र न होता आरती होते. ज्यास कालव्याचे पाणी होते तोच ऊस लावू शके, आणि जो ऊस लावी तोच कारखान्याचा सभासद होई. ज्याच्या नावावर जमीन नव्हती त्यास मतही नव्हते. आमच्या वाचकांत अशी पुष्कळ घरे आहेत. पाथर्डीच्या माळावरून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर साली हजारो माणसे बायकामुलांसह कोयता घेऊन ऊसतोडीस येतात. त्यांच्या खोपटांतील मुलांची शाळा हंगामभर बुडते. कारखान्याच्या वार्षिक सभेत त्यांस खुर्ची नसते. शिवाय कारखान्यांचे सामर्थ्य जसे वाढले तसे ते निवडणुकीच्या राजकारणात शिरले. पुढे महाराष्ट्रातील कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडून विकले गेले. सहकाराचे राज्य दुबळ्यांसाठी असावे हे धनंजयरावांचे म्हणणे होते. ते पुरे झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी कालव्याचा लाभ मोजला त्याच बारकाईने, पाणी ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाही त्यांची वही कोणी लिहावी, हे काम मागे राहिले आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन मंडळाची नव्याने रचना झाली व धनंजयराव उपाध्यक्षपदावरून मोकळे झाले. त्यानंतर लगेचच, ३ मे १९७१ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी ते वारले. विठ्ठलराव विखे पाटील १९८० साली वारले. नियोजन मंडळही आता राहिले नाही, २०१५ साली त्याच्या जागी दुसरी संस्था आली.

तथापि ह्या मनुष्याच्या रीतीचा उपयोग दिल्लीस जाणाऱ्यांसच आहे असे नाही. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या प्रत्येकास तो आहे. नळाचे पाणी कोणत्या वस्तीस किती दिवसांनी येते, शाळेच्या पटावर मुले किती आणि वर्गात किती, रोजगार हमीच्या कामावर कोणास किती दिवस काम मिळाले, हे ज्याने आधी वहीत लिहून नेले त्याचे बोलणे सरपंचास टाळता येत नाही. त्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या घराऐवजी गावकुसाबाहेरच्या शेवटच्या घराचे नाव असावे, म्हणजे धनंजयरावांनी अपुरे ठेवलेले काम आपल्या गावापुरते तरी पुढे सरकेल.